काचपेटीतली आदिमाता

संग्रहालयात त्याला सगळे निर्जंतुक म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर एकावर एक दोन हातमोजे, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, एवढा साज चढवावा लागे. "माझ्या खोलीत माझी शिंकसुद्धा परवानगी घेऊन येते," असं तो छाती फुगवून सांगे. त्यात फुशारकी थोडी आणि तथ्य जास्त होतं.

अकरा वर्षं तो तिथे हंगामी होता. दर वर्षाअखेरीस कागद निघे, 'आणखी एक वर्ष'. यंदा मात्र प्रमुखबाईंनी तळमजल्यावरच्या काचपेटीतला पिवळा दात त्याच्यापुढे ठेवला. पेटीवर पाटी होती, 'प्राचीन मानव'. या दाताचं आजोळ शोधायचं होतं. आईकडून लेकरांकडे येणारा आणि पुढे फक्त मुलींमार्फत चालणारा एक धागा प्रत्येकाच्या अंगात असतो. तो धरून मागे मागे गेलं की सगळ्या माणसांच्या एकाच आद्य आईपाशी पोचता येतं. दातातून धागा निघाला तर निर्जंतुक कायम. नाही निघाला तर हातात नारळ!

धागा निघाला! तोही साधासुधा नाही. थेट बुंध्यापाशी, साठ हजार वर्षांपूर्वी फुटलेली फांदी, आणि तिचं एकही जिवंत पान कोणाच्या नोंदीत नव्हतं. प्रमुखबाईंनी त्याला पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली. पत्रकारांना गुरुवारचं बोलावणं गेलं. घरी जेवताना दाताशिवाय विषय उरला नाही, तेव्हा बायकोने सुचवलं की आदिमाता राहू दे, आधी स्वतःच्या आईला फोन कर, पंधरा दिवस झालेत.

बुधवारी दुपारी तो नव्या पाटीचं माप घ्यायला खाली निघाला आणि जिन्यातच थबकला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी काचपेटी उघडली होती. फडक्याच्या टोकाला थुंकी लावून, तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशा मायेने त्या दात घासत होत्या.

"मावशी, हे काय करताय?"

"दर शुक्रवारी करते. उद्या पाहुणे येणार म्हणून आज. पाण्याने डाग पडतात रे, थुंकीने कसा चकाकतो बघ."

निर्जंतुकाला घाम फुटला. दाताला हात लावणाऱ्या सगळ्यांचे नमुने त्याने ताडून पाहिले होते. पहारेकरी, सुतार, खुद्द प्रमुखबाई, कोणी सुटलं नव्हतं. पण वहीत सही करणारेच दात हाताळतात अशी त्याची समजूत, आणि मावशींना सही कोणी कधी मागितलीच नव्हती.

मावशींचा नमुना घेऊन तो प्रमुखबाईंसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. पत्रकारांना पुढची तारीख गेली. आठवड्याने निकाल आला. आदिमातेचा धागा मावशींच्या धाग्याशी अक्षर न् अक्षर जुळला. मग दात आतून कोरून पाहिला, तर तो डुकराचा! प्रमुखबाईंनी 'प्राचीन मानव' ही पाटी स्वतःच्या हाताने काढली आणि निर्जंतुकाकडे न बघता म्हणाल्या की वर्षाअखेर जवळच आली आहे.

सामान आवरण्याआधी त्याने खाली जाऊन मावशींना स्टुलावर बसवलं आणि सगळं समजावलं.

"म्हणजे माझी आई, तिची आई, तिची आई, असं थेट?"

"थेट."

"आणि माझे तीन मुलगे?"

"ते धागा बाळगतात, पुढे देत नाहीत."

"हमालच की," मावशी समाधानाने म्हणाल्या.

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. बर्फ आला, दुष्काळ आले, साथी आल्या, आणि या बाईच्या मागची एकही आई लेक पदरात पडण्याआधी हरली नव्हती. नोकरी जात असतानाही त्याला त्या ओळीपुढे हात जोडावेसे वाटले.

मेलेल्या फांदीपेक्षा जिवंत फांदी मोठी, हे प्रमुखबाईंच्याही दोन दिवसांत लक्षात आलं. मावशींची लेक, बहिणी, भाच्या, सगळ्यांचे नमुने हवे होते. बाहेरून मोठा तज्ज्ञ बोलवायचं ठरलं. मावशींनी बादली खाली ठेवली.

"थुंकी देईन, बहिणींनाही सांगेन. पण घेणार हा. आणि याला यंदा वर्षाचा कागद नको, कायमचा द्या."

तसा कागद निघाला. शाई वाळायच्या आत निर्जंतुक तो घेऊन मावशींकडे धावला. त्यांनी हात पुसले, कागद उजेडात धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"कायमचा कागद असा असतो होय? मी कधी पाहिला नव्हता."

"म्हणजे?"

"मी बावीस वर्षं हंगामीच आहे ना."

या बाईच्या दोन हजार पणज्या निर्जंतुकाने मोजल्या होत्या, पण एवढी साधी गोष्ट विचारली नव्हती. त्याने कागदाची घडी केली आणि मुकाट्याने पुन्हा प्रमुखबाईंच्या खोलीकडे निघाला.

"कडेकडेने जा," मावशी मागून म्हणाल्या, "फरशी ओली आहे."