मानाजीरावांचे अकरा वाचक

शुक्रवारी दुपारी मानाजीरावांनी 'जतन करा' हे बटण दाबलं, आणि तासाभरात सरस्वतीपुरममधल्या निम्म्या ओळखीच्या माणसांशी त्यांचं बिनसलं.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी उत्तर देणं आपल्याला जमलं असतं का, याची त्यांना खात्री नव्हती. मग विजयनगरात समुपदेशन केंद्र चालवणारी डॉक्टर वाणी, त्यांची जुनी वाचक, एक दिवस घरी आली. मनाच्या आजारांवरचे शेकडो लेख केंद्रात नुसते पडून होते. ते विषयवार लावून संगणकात भरायचे, म्हणजे कुणालाही मोबाइलवर हवं ते सापडेल. मानाजीरावांनी राग, भीती, संशय, निद्रानाश असे चोवीस विषय पाडले. तीन महिने ते इतके आनंदात होते की भवानीबाईंना त्यांची काळजी वाटू लागली.

घोटाळा झाला तो एका जुन्या सवयीने. ग्रंथालयात असताना प्रत्येक कार्डाच्या मागे ते पेन्सिलीने एक नाव लिहून ठेवत. पुस्तक मागितलेल्या माणसाचं नव्हे, त्याची गरज असलेल्या माणसाचं. संगणकातही प्रत्येक विषयाखाली 'वाचक' असा रकाना होता. मानाजीरावांनी त्यात प्रामाणिकपणे अकरा नावं भरली, आणि पत्ता अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे मोबाइल नंबरही भरले. संगणकाने त्या सगळ्यांना तत्परतेने कळवलं : 'तुम्ही विचारलेल्या विषयावरची माहिती तयार आहे.' खाली विषयाचं नाव.

वाणीचा फोन आला. ती रागावली नव्हती, हेच जास्त वाईट होतं. "सर, सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. तोवर एकाही माणसाची तक्रार आली, तर हे काम मला दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

शनिवारी सकाळी पहिले आले ते त्यांचे मेव्हणे शंभूराव. त्यांच्या वाट्याला 'राग' आला होता. फाटक त्यांनी असं लोटलं की त्याची कडी निघून आली.

"मला राग येतो म्हणून कोण म्हणतो, दाजी? नाव सांगा. आत्ता जाऊन बघतो त्याला."

"तसं कुणी नाही म्हणत," मानाजीराव पुटपुटले.

"अरे अण्णा, कॉफी घे आधी," भवानीबाई म्हणाल्या.

"सुम्ने बस तू, मध्ये बोलू नकोस."

शेजारच्या नागरत्नाबाईंना 'संशय' हा विषय मिळाला होता. त्यांनी कानडीत एवढंच विचारलं, की हे माझ्याविरुद्ध तुम्हाला कुणी शिकवलं, आणि त्याबद्दल आजवर काय काय बोलणं झालं आहे. वेंकटेश हे ग्रंथालयातले जुने सहकारी. त्यांचा विषय होता 'निर्णय घेता न येणं'. तक्रार करावी की करू नये, हे विचारायला ते दिवसभरात तीनदा येऊन गेले.

मानाजीरावांनी सगळ्यांची माफी मागितली. रविवार संध्याकाळपर्यंत तक्रार एकाचीही गेली नाही. हुश्श करून ते खुर्चीत बसतात तोच भवानीबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, अकरा जणांत माझं नाव कुठं आहे?"

"तुला कुठं काय झालंय?"

"एकेचाळीस वर्षं तुमच्याबरोबर काढून मला काहीच नाही झालं? लोकांना खरं तरी वाटेल का?"

मानाजीरावांनी चोवीस विषय वाचून दाखवले. एकही पसंत पडेना. भीती भवानीबाईंना कधी वाटली नव्हती, आणि चिंता करायला या घरात कुणी वेळ दिला नव्हता. शेवटी मानाजीरावांनी पंचविसावा विषय काढला, 'सहनशीलता', आणि त्याखाली बायकोचं नाव घातलं. भवानीबाईंनी मेसेज दोनदा वाचला. मग तो भिंतीवरून नागरत्नाबाईंना दाखवला आणि फोन करून अण्णालाही वाचून दाखवला.

सोमवारी सकाळी वाणीचा फोन आला. "सर, तक्रार नाही एकही. पण तुमचे अकराही वाचक केंद्रात फोन करून विनंती करताहेत, आम्हाला सहनशीलतेत हलवा. मी हलवलं. बाकीचे चोवीस विषय आता रिकामे आहेत. विश्वस्त दुपारपर्यंत बसलेत, तेवढा वेळ शांततेत गेला की झालं."

काम वाचलं होतं. मानाजीरावांनी ही बातमी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने सांगितली. भवानीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"म्हणजे मी आणि नागरत्ना एकाच कप्प्यात? आणि अण्णाही? हे मी सहन करणार नाही. माझं नाव काढा तिथून. आत्ता."

मानाजीराव मुकाट्याने येऊन संगणकासमोर बसले. नाव काढता येईना. दुसरा विषय निवडल्याशिवाय संगणक सोडत नव्हता. आतून भांडी आदळल्याचा आवाज येत होता. चाळीस वर्षं त्यांनी एकही पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवलं नव्हतं. विचार करण्यापूर्वीच त्यांचा हात योग्य विषयावर गेला आणि त्यांनी बटण दाबलं.

स्वयंपाकघरात भवानीबाईंचा मोबाइल वाजला. आणि भांड्यांचा आवाज एकदम थांबला.