लॅपटॉपची चाळ

लॅपटॉपसाठी कांद्याची चाळ बांधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. निमगाव सावा गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात.

चाळ म्हणजे भाडेकरूंची नव्हे हो, कांदा साठवायची. जमिनीपासून उचललेली, तळाला फटी, बाजूंना फटी, वर छप्पर. तशीच, पण पाटाएवढी चाळ तात्यांनी बांबूच्या कामट्या तासून, सुतळीनं आवळून केली. वर उसाच्या पाचटाचं छप्परसुद्धा घातलं. लॅपटॉप उघडायचा तर आधी छप्पर काढून बाजूला ठेवायचं.

मी म्हटलं, "तात्या, दोन उंदीर पण सोडा आत, म्हंजी चाळ पुरी झाली."

"हसा आक्का, हसा. खालून वारा घेतला की काय बी सडत न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कांदा असू दे, खाट असू दे, नाहीतर वर्षानुवर्षं एकाच खुर्चीला चिकटलेला पुढारी असू दे. "खालून वारा न्हाई त्याला, दुसरं काय," म्हणायचं आणि तंबाखू मळायची.

लॅपटॉप त्यांच्या सुनंदाचा. एकुलती एक पोर. जर्मनीला जाताना तिनं आपला जुना लॅपटॉप बापाला दिला. दर रविवारी दुपारी ती त्यावर दिसते. मोबाइल आहे तात्यांकडे, पण "त्याच्यात पोर पावट्याएवढी दिसती" म्हणून त्यावर बोलायचं नाही. त्यांची बायको, आमच्या काकू, गेल्यापासून तात्यांचा आठवडा रविवारीच सुरू होतो आणि रविवारीच संपतो.

पोरीला सांगायच्या गोष्टी ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवतात. एक, म्हशीला रेडी झाली. दोन, विहिरीची जळालेली मोटार भरून आणली. अशा दहा-बारा. पण दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीला आले की लॅपटॉप गिरणीसारखा घरघरायचा आणि काळाठिक्कर पडायचा. मग मोबाइलवर सुनंदाचा मेसेज, 'परत बंद पडला ना? राहू दे तात्या, पुढच्या रविवारी बोलू.'

"पोर बोलायला तयार हाय वो," तात्या मला सांगायचे, "पण ह्यो गडीच दम टाकतोय!"

शेवटी लॅपटॉप ओल्या पंच्यात गुंडाळून तात्या एसटीनं नारायणगावला निघाले. मला डोळे दाखवायचे होते, म्हणून मीही बरोबर. तिथं सलीमचं रिपेअरीचं छोटं दुकान आहे. ओला पंचा बघून तो उभाच राहिला.

"चाचा, ताप आलाय का त्याला? पट्ट्या कसल्या ठेवताय! पाणी गेलं तर मरंल की! घरी कशावर ठेवता?"

"दुपट्यावर. सुनंदाचंच हाय, लहानपणचं. मऊ लागतंय."

सलीमनं लॅपटॉप उलटा करून खालच्या बारीक फटी दाखवल्या. "हितनं वारा आत जातो. आत पंखा हाय. तुमी दुपट्यानं त्याचं नाकच दाबलं, चाचा."

तात्यांचा चेहरा असा उजळला, जणू नातेवाईक भेटला. "म्हंजी कांद्यावानीच की! आधी सांगायचं नाय का, राव!"

त्याच आठवड्यात ती चाळ झाली. पण तात्या तेवढ्यावर थांबतील तर तात्या कसले. गावात सगळ्यात गार वारा कुठे? त्यांच्या मोठ्या चाळीत. मग ही छोटी चाळ त्या मोठ्या चाळीच्या तोंडाशी, कांद्यांच्या शेजारी. सुनंदा स्क्रीनवर, बाजूला कांद्याचा ढीग, आणि तात्या मध्ये नवरदेवासारखे ताठ.

तिसऱ्या रविवारी पुन्हा घरघर, पुन्हा काळाठिक्कर.

सलीमनं या वेळी लॅपटॉप खोलला, आणि चिमट्यानं पंख्यातून कांद्याची गुलाबी टरफलं एकेक करून काढून टेबलाच्या काचेवर मांडली. वारा आत ओढता ओढता पंख्यानं सगळी चाळ ओढली होती.

"चाचा," तो म्हणाला, "बेसन आणा, भजी करू."

तात्या हसले नाहीत. "आता बंद पडणार न्हाई ना? नातू बोलाया लागलाय. त्याचं बोलणं मधीच तुटतं."

सलीमनंही मग थट्टा सोडली. पंखा साफ केला, आतली गरमी ओढून घेणारी पेस्ट सुकली होती, ती काढून नवी लावली. "चाळ चांगलीय तुमची," म्हणाला, "फकस्त घरात ठेवा. आता तासभर बोला."

पुढच्या रविवारी तात्या आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले. कॅलेंडरचं पान मांडीवर. मी डब्यात पुरणपोळी घेऊन गेले होते, ती दारातच घेऊन उभी राहिले. आत सुनंदाचा आवाज स्वच्छ येत होता. रेडीचं सांगून झालं, मोटारीचं झालं. लॅपटॉप गप्प. घरघर नाही, काही नाही.

"बरं तात्या, ठेवते हां," सुनंदा म्हणाली. "पोराला पोहायला न्यायचंय. जपा. पुढच्या रविवारी बोलू."

स्क्रीनवर तिच्याऐवजी डोंगराचा फोटो आला. मी घड्याळ बघितलं, नऊ मिनिटं झाली होती.

तात्यांनी कामट्यांच्या खालून हात घातला आणि तळाला तळवा लावला. पोराचा ताप बघावा तसा, बराच वेळ.

"बघा आक्का. गार हाय. आता तापतच न्हाई."

"सलीमचा हात चांगला," मी म्हटलं.

"हां." त्यांनी छप्पर उचलून वर ठेवलं, नीट बसवलं. "तापायला येळ तरी कुठं मिळतोय त्याला."

मी आत गेले, डबा खाली ठेवला आणि पाटावर बसले. कॅलेंडरचं पान अजून त्यांच्या मांडीवरच होतं.

"तिसरं काय व्हतं, तात्या?"

त्यांनी चष्मा लावला. "तिसरं... आक्काचा गुडघा."

"मग सांगा की," मी म्हटलं. "कसाय माझा गुडघा?"

तात्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं, घसा खाकरला आणि सांगायला लागले.