दोन काउंटेस आणि एक सूफ्ले

माणूस एक वेळ उपाशी राहील, पण मागे राहणार नाही, या भक्कम पायावर इंग्लंडातली सरदारकी उभी आहे. पूर्वी राजे लढाईतल्या मदतीबद्दल जमिनी देत. पुढे जमिनी संपल्या, पण मदत करणारे काही संपेनात. तेव्हा नुसत्या पदव्या देण्याची काटकसरीची पद्धत रूढ झाली. सगळ्यांत वर ड्यूक, मग मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट आणि तळाला बॅरन. (अर्लची बायको मात्र काउंटेस. अर्ल हा शब्द देशी, त्याला बायकोचं रूपच नव्हतं. ते फ्रेंचांकडून उसनं आणलं. नवऱ्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.)

ही उतरंड डेव्हनच्या लेडी ट्रेमलोंना तोंडपाठ होती, कारण त्या स्वतः बॅरनच्या पत्नी होत्या आणि त्यांना सगळ्यांकडे मान वर करूनच पाहावं लागे. त्या शनिवारी त्यांच्याकडे तेरा माणसं जेवायला होती. तेरा अशुभ, म्हणून गावातल्या डॉक्टर पिमना ऐन वेळी चौदावे म्हणून बोलावलं. पण बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो स्वयंपाकीण मिसेस टॅपस्कॉटमुळे. (तिचं लग्न झालेलं नव्हतं, पण स्वयंपाकिणीला मिसेस म्हणायचंच. हीही एक पदवीच.)

"बाईसाहेब," ती सकाळीच कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "दोनदा तुमच्या पाहुण्यांचा मानापमान दाराबाहेर चालला आणि आत माझा सूफ्ले बसला. आज बसला, तर मी चालले शेजारच्या मार्क्विसबाईंकडे. तिथे निदान जेवायला माणसं येतात!"

"अगं, असं नको गं बोलूस!" बाई रडकुंडीला आल्या. अंड्याचा फेस नि चीज भट्टीत फुगवून केलेला, गार होताच खाली बसणारा तो सूफ्ले कोणाच्या बापासाठी थांबत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आठाला घंटा झाली. नियम असा, की यजमानाने सर्वांत थोर बाईंचा हात धरून आधी आत जायचं, बाकीच्यांनी जोडीजोडीने मागून, आणि यजमानीणबाईंनी शेवटी. इथे काउंटेस दोन. दोघींच्या घराण्यांना पदवी एकाच दिवशी मिळालेली.

"आमच्या सनदेवर शिक्का सकाळी उठला," लेडी हार्बर्न म्हणाल्या.

"किरकोळ कामं सकाळीच उरकतात, बाई," लेडी वेक्सकोम्ब गोड हसल्या. "आमच्या वेळी महाराज जेवून, स्वस्थ होऊन बसले होते."

लॉर्ड ट्रेमलो दोन्ही कोपरं वर करून, उडू पाहणाऱ्या कोंबड्यासारखे मधोमध उभे होते.

"अहो, काहीतरी करा ना!" लेडी ट्रेमलो कुजबुजल्या.

लॉर्डसाहेबांनी डोकं चालवलं. (असे प्रसंग थोडे.) "वयाने थोर असतील त्यांनी आधी यावं."

दोघीही एकेक पाऊल मागे सरकल्या.

"मग तुम्ही व्हा ना पुढे," लेडी हार्बर्न म्हणाल्या.

"छे, छे! तुमच्या आधी मी? शोभेल का?"

आता दोघीही जागच्या हलेनात. लेडी ट्रेमलोंना वरच्या मजल्यावर, स्वयंपाकिणीच्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज येऊ लागला.

डॉक्टर पिम सकाळपासून दोन बाळंतपणं करून आले होते आणि त्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. त्यांनी शास्त्रोक्त विचार केला: पदवी नसलेल्याने कोणाच्या पुढे जायचं नाही हे खरं, पण कोणी जातच नसेल, तर आपण कोणाच्या पुढे गेलो? "जरा सरकता का," म्हणत ते दोघींच्या मधून आत गेले, बसले आणि सूफ्ले खाऊ लागले.

स्वयंपाकीण बाहेर जायची टोपी चढवूनच दारात आली. "कसा झालाय?"

"आणखी आहे?" तोंड भरलेले डॉक्टर म्हणाले.

मिसेस टॅपस्कॉटने टोपी काढली. बाहेर लेडी ट्रेमलो आनंदाने रडल्या. (चौदांत एक जेवला, मागच्या दोन मेजवान्यांच्या मानाने ही प्रगतीच.)

ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला डॉक्टर पिम समजतो. वाचकहो, आपणही समजलाच असाल. मग परवा पुतणीच्या लग्नात, यजमान जातीने "जेवायला चला" म्हणायला आले नाहीत म्हणून तडक घरी येऊन पिठलं-भात खाल्लात, ते कोण?