नावाची चौकशी

माणसाचं नाव हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुण्याईचा ठेवा असतो, असं आजोबांचं ठाम मत होतं. हे मत ते सुनेला ऐकवत असतानाच दीड महिन्याच्या नातवाने त्यांच्या सदऱ्यावर दूध ओकलं.

"त्याला नाव पसंत दिसत नाही," सून फडकं पुढे करत म्हणाली.

नाव आजोबांच्या वडिलांचं. पाच अक्षरी, त्यात दोन जोडाक्षरं. हाक मारणारा ते पूर्ण उच्चारेपर्यंत ऐकणारा कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होई. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात ते नाव कुणी एकदाही घेतलं नव्हतं. आजोबांना ते आतल्या आत खुपत होतं.

"पण बाबा, अर्थ काय त्याचा?" सून औषधाच्या दुकानात काम करायची, आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती बाटली फळीवर ठेवत नसे. "शुक्रवारी जन्माच्या दाखल्याचा अर्ज द्यायचाय. तोवर अर्थ सांगा, हेच नाव लिहू. नाहीतर मी शोधलेलं दोन अक्षरी लिहीन."

मुलाने दोघांचंही बरोबर आहे असं सांगून ऑफिस गाठलं.

आजोबांनी आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली होती. जळालेल्या गोदामाची राख हुंगून आग कुणी लावली ते सांगणारा हा माणूस, आणि त्याला स्वतःच्या बापाच्या नावाचा अर्थ सांगता येत नव्हता. थाप मारून वेळ निभावता आली असती, पण पुराव्याशिवाय दावा मंजूर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

वाचनालयातला जाडजूड कोश त्या नावाच्या अलीकडच्या शब्दावरून पलीकडच्या शब्दावर बिनदिक्कत उडी मारून गेला होता. मग ते एका निवृत्त भाषाशिक्षकांकडे गेले. मास्तरांनी नाव तीन वेगवेगळ्या जागी तोडून पाहिलं. एकदा 'महापराक्रमी' निघालं, एकदा 'ज्याच्या दारी घोडे आहेत तो' आणि एकदा 'बोलावल्याशिवाय न येणारा'.

"यातला कुठला देऊ?"

"खरा."

"खरा मागायला अजून कुणी आलं नव्हतं," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "घरात कुणी जुनं माणूस असेल तर बघा विचारून."

जुनं माणूस होतं. वडिलांची मोठी बहीण, पंचाण्णव वर्षांची आत्या. गुरुवारी सकाळी आजोबा तिच्यासमोर वही उघडून बसले.

"अर्थ कसला डोंबलाचा!" आत्या म्हणाली. "अरे बाळ्या, तुझ्या बापाच्या वेळी पाळणा शेजारून आणलेला. त्यावर हे नाव कोरलेलं. आमचे बाबा म्हणाले, आता खरवडत कोण बसणार? पोरगं नवीन आहे, त्यालाच ते ठेवू."

आजोबांचा चेहरा पडला. "म्हणजे शेजाऱ्यांच्या मुलाचं नाव?"

"छे! त्यांना पाचही मुलीच."

आजोबांचे कान उभे राहिले. नातू, अर्ज, शुक्रवार सगळं विसरून ते पुढे सरकले. "मग कुणाचं?"

"मला काय ठाऊक? पाळणा पोटमाळ्यावर आहे. माझ्या उशा काढ त्यातल्या आणि त्यालाच विचार."

संध्याकाळी पाळणा टेम्पोतून घरी आला. सुनेने ओल्या फडक्याने घासायला घेतला. आधी नाव वर आलं, चांगलं ठसठशीत. मग त्याखाली आणखी एक बारीक ओळ उमटली. सुनेने ती वाचली, पुन्हा वाचली आणि बाजूला झाली.

'यांचेकडे पाळणे, स्टुले व उंदरांचे सापळे करून मिळतील.'

आजोबांनी वही मिटली. "सूनबाई, तुझं दोन अक्षरीच लिही. दावा नामंजूर."

सून मात्र पाळण्याची कड धरून तो गदागदा हलवत होती. "तुमच्या वडिलांच्या जन्मापासून धरली तरी अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली, बाबा. एक सांधा ढिला नाही." तिने बाळाला आत निजवलं. "असं काम करणाऱ्याचं नाव असेल तर मला चालेल."

शुक्रवारी खिडकीतल्या कारकुनाने नाव दोनदा वाचलं, अर्जावर शिक्का मारला आणि कौतुकाने मान वर केली.

"भारदस्त आहे हो! अर्थ काय याचा?"

"पाळणे, स्टुलं आणि उंदरांचे सापळे," आजोबा म्हणाले.