चार बटणांचा हरेश

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला हरेश प्रश्नाबरोबर उत्तरंही देतो. दारात वाटी घेऊन उभा राहील आणि विचारेल, "मावशी, साखर आहे, नाही, की नंतर देता?" आपण फक्त निवडायचं. मला आधी वाटलं, पोराला बोलायचा कंटाळा असेल. पोर कसलं म्हणा, पंचेचाळिशीचा बाप्या आहे, एकटाच राहतो.

मग कळलं की तो त्याचा धंदाच आहे. कळलं म्हणजे काय, आपलं म्हणायचं. गेटवर कुणी आलं की वॉचमन नाव टाकतो, फोटो काढतो, आणि आपल्या मोबाईलवर वरून चिठ्ठी घसरत येते ना, नोटिफिकेशन, ती हा बनवतो. मी म्हटलं, म्हणजे ॲप बनवतोस. तर नाही, ॲप दुसरे लोक बनवतात. मग काय, अक्षरं लिहितोस? तेही नाही. चिठ्ठी बोटाने दाबून धरली की मोठी होते, आत फोटो दिसतो, बटणं येतात, ते आतलं सगळं त्याचं. "ॲप उघडायचंच नाही, मावशी. तिथल्या तिथं." हे दिवसातून दहादा. त्याचे भाऊ उलव्याला सात-सात मजले बांधतात. ते म्हणतात, आमच्या हरेशचं बांधकाम अंगठ्याखाली झाकतं.

प्रयोग अर्थातच आमच्या सोसायटीवर. चार बटणं केली: येऊ द्या, थांबवा, खाली येते, घरी नाही म्हणून सांगा. चौथं सगळ्यांना फार आवडलं. माझं बोट मात्र कुठेही पडतं. विहीणबाई आल्या तेव्हा वॉचमन त्यांना सांगतोय घरी कुणी नाही, आणि मी बाल्कनीतून त्यांना हात करतेय. अजून त्या माझ्याशी जपून बोलतात. हरेशला हे सांगितलं, वाटलं सॉरी म्हणेल. त्याने वहीत टिपून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चौथं बटण जरा लांब सरकवलं.

एकदा विचारलं, बाबा, एवढ्याशा चिठ्ठीसाठी जीव का आटवतोस? तेव्हा पहिल्यांदा त्याने सरळ उत्तर दिलं. त्याची आई चांगुणाबाई सारसोळ्याला असते, रिक्षाने दहा मिनिटं. मागच्या वर्षी जिताडा माशाचं कालवण घेऊन आली होती. तेव्हा चिठ्ठी साधीच होती, आधी ॲप उघडा, मग पासवर्ड टाका. हा मीटिंगमध्ये. बाई अर्धा तास उन्हात उभी. शेवटी डबा वॉचमनच्या टेबलावर ठेवून गेली ती गेलीच. दर रविवारी हा तिच्याकडे जेवतो, ती पोटभर वाढते. पण माझ्या घरी चल म्हटलं की म्हणते, "लेकाच्या घरान जावाला परवानगी लागतं, तं मी नाय येत."

अरे, वॉचमनला सांगून ठेव ना, म्हटलं. तर वॉचमन दर महिन्याला नवा. म्हणून त्याने माझा नंबरही जोडला. त्याच्याकडून राहिलं तर चिठ्ठी माझ्याकडे येणार. कशी येणार ते मला समजलं नाही, पण मी हो म्हटलं.

परवा दुपारी फोन वाजला. नाव चांगुणा. दाबून धरलं तर फोटोत डोक्यात अबोली माळलेली म्हातारी, हातात डबा. मी चष्मा लावून चार बटणं शोधतेय, आणि तिथे एकच. येऊ द्या. दुसरं काही नाहीच. उलटसुलट करून पाहिलं, मग दाबलं.

हरेशची बेल वाजवली. कानात वायर घालूनच दार उघडलं त्याने. म्हटलं, आई वर येतेय. त्याने वायर काढून माझ्याच हातात दिली आणि अनवाणी जाऊन लिफ्टसमोर उभा राहिला.

आत लॅपटॉपमधली माणसं "हरेश, हरेश" करत होती. काय विचारत होती, देव जाणे. मी जरा वाकून सांगितलं, हरेश घरी नाही.