मी, कोंबडी आणि हाफ तिकीट

मी घाटंजीला जाणार, असं एकदा रात्री जेवताना मी घरात बोलून बसले. गुपचूप निघून गेले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं. चौतीस वर्षांनी सगळे शाळेत जमणार होतो, मराठीच्या ढोबळे बाई येणार होत्या, आणि शेवटी आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. आता आभार सुरू होतात तोवर अर्धे लोक चपला शोधत असतात, हे मलाही कळतं. पण माझ्यासाठी ती मोठी गोष्ट होती. दहावीच्या निरोप समारंभात भाषण माझंच होतं. बाईंनी लिहून दिलं होतं, चार वेळा म्हणवून घेतलं होतं. नेमकं त्या दिवशी बाबांनी मला कापसाच्या शेवटच्या वेच्याला नेलं. मग ते भाषण मी वावरात उभी राहून पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, ऐकवलं. (पऱ्हाटीने शांतपणे ऐकून घेतलं. तसे श्रोते मला नंतर घरात मिळाले नाहीत.)

तर मी म्हटलं, "मी घाटंजीला जाते."

आमचे हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "जाय ना. तुले अर्धंच तर तिकीट लागते."

हे वाक्य मी आता झोपेतही ओळखते. सरकारने 'महिला सन्मान' म्हणून बायांना एसटीत अर्धं तिकीट केलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. मला वाटलं, आता आपण माहेरी जाऊ, मैत्रिणीकडे जाऊ, यवतमाळला उगीच बाजार पाहून येऊ. पण सरकारचा निर्णय आमच्या घरात आला आणि यांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. माझं तिकीट अर्धं, म्हणजे गावाबाहेरची सगळी कामं माझी! तहसीलचा दाखला? नलू जाईल. विहिरीच्या मोटारीचं सामान? नलू जाईल. भाच्याच्या लग्नाला यांना पँट शिवायची होती, तर यांनी कमरेला सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि ती सुतळी माझ्याजवळ देऊन मला शिंप्याकडे पाठवलं. शिंपी सुतळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. मी खाली मान घालून म्हटलं, "ढिली ठेवा, दादा."

आधी जायचं म्हटलं की घरचे म्हणत, "कायले जातं? तिकीट केवढं पडते!" आता म्हणतात, "काहून नाही जात? अर्धं तर लागते!" माझ्या मनात काय आहे, हे दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

घाटंजीला जायला यवतमाळला गाडी बदलावी लागते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी यांनी आमच्या पोराच्या, संघर्षच्या, जुन्या वहीच्या पानावर यादी लिहून दिली. पहिलीच ओळ होती : मोटारीचा कंडेन्सर. खाली पाखरं हाकलायची गफणी, पाइपचा जॉइंट, उंदराचं औषध. तेवढ्यात शेजारच्या बिस्मिल्लाबी आल्या.

"नलूबाई, यवतमाळले चालल्या म्हणे! शिलाई मशीनचा पट्टा आणजा ना. आमच्या गफ्फारले म्हटलं तर तो म्हणते, माझं फुल लागते."

मी पट्टाही लिहून घेतला. माझं भाषणही त्याच वहीच्या पानावर होतं. दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले. आणि पायात चप्पल घालते तर सासूबाई लुगडं सावरत बाहेर आल्या. काखेत पिशवी, पिशवीतून कोंबडीची मान.

"मी बी येतो," त्या म्हणाल्या. "नंदाले टायफॉइड झालता, लेकरू अशक्त झालं. गावरानीचा रस्सा पाजला पाह्यजे. स्टँडवर तिच्या हातात देतो न् वापस येतो. माह्यं काय, फुकट तर हाये!"

नंदा म्हणजे यवतमाळला दिलेली माझी नणंद. आणि सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण झाल्यापासून एसटी फुकट आहे. तेव्हापासून त्या वय चोरत नाहीत, उलट जरा वाढवून सांगतात. आधार कार्ड कमरेच्या बटव्यात असतं आणि कंडक्टरने विचारायच्या आधीच बाहेर येतं.

बाभुळगावला गाडी मिळाली. कंडक्टर भला माणूस होता, पण त्याला कान होते. पिशवी ओरडली.

"कोंबडीचं तिकीट लागन, ताई."

"फाडा," मी म्हटलं. "पण हाफ फाडा. तीही बाईच आहे."

"ताई, योजना बायाईसाठी हाये. कोंबड्याईसाठी नाही."

"अंडी तीच देते ना? मग सन्मान फक्त आमचाच का?" (मला तेव्हा हा मुद्दा फार बिनतोड वाटला होता.)

"आधार कार्ड हाये काय तिचं?"

सगळी गाडी हसली. मागून कोणी म्हणालं, "देऊन टाका, साहेब, बसन कोपऱ्यात!" मी लाल झाले, पण मागे हटले नाही. शेवटी कंडक्टरने मशीनवर बोट दाबलं आणि दोन तिकिटं माझ्या हातात ठेवली.

"ताई, भांडू नका. कोंबडीले तसंबी हाफच लागते."

मी दोन्ही तिकिटं शेजारी धरली. आकडा सारखा. म्हणजे दहावी सेकंड क्लासमध्ये पास झालेली, दोन लेकरं वाढवलेली, बचत गटाची दोनदा अध्यक्ष झालेली मी, आणि पिशवीतली ती, आम्ही दोघी एकाच भावात! मला इतका राग आला की यवतमाळ येईपर्यंत मी कोंबडीकडे पाहिलं नाही.

"माह्यं तर काहीच लागलं नाही," सासूबाई खिडकीतून बाहेर पाहत समाधानाने म्हणाल्या.

यवतमाळच्या स्टँडवर नंदाबाईंचा पत्ता नव्हता. फोन लावला.

"वहिनी! मी तर बाभुळगावच्या गाडीत हाओ ना! म्हटलं अशक्तपणा हाये, चार दिवस माहेरी पडून राहतो. अर्धंच तर लागते!"

म्हणजे कुठेतरी वाटेत आमच्या गाड्या समोरासमोरून गेल्या होत्या. सासूबाई लगेच उठल्या. "मी वापस चालली. लेक घरी एकटी कशी राहीन?"

"मग ही पिशवी घ्या, आई."

"तिले कायले नेऊ? माह्यं फुकट हाये, तिचं तिकीट कोण काढन? घरी अजून चार हायेत." जाता जाता त्यांना माझी दया आली. "तुह्या बाईले देऊन दे. मास्तरीणबाई खूश होईन."

मी कोंबडी घेऊन इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. बाईंचा सत्कार एक वाजता आणि आभार दोनला. घड्याळात साडेअकरा झाले होते. दुकानदाराने विचारलं, "कंडेन्सर किती नंबरचा?"

मी पर्समधले दोन्ही कागद काउंटरवर काढले, उलटून पाहिले. नंबर कुठेच नव्हता. यांना फोन लावला. बारा वेळा. (मी कामाला गेले की घरातला माणूस निवांत झोपतो, हीसुद्धा त्या योजनेचीच सवलत असावी.) मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि कोंबडी एकाच्या बोटाला चोच मारत होती. दुकानदार म्हणाला, "कसा होता तो? मोठा का लहान?" मी हाताने दाखवलं. त्याने तेवढा दिला. मी कागद कोंबला, पिशव्या उचलल्या, गफणी घेतली, पट्टा घेतला, आणि घाटंजीची गाडी अक्षरशः पळत पकडली. पुन्हा दोन हाफ तिकिटं. या वेळी मी भांडले नाही.

शाळेच्या फाटकातून आत शिरले तेव्हा माइकवर आवाज घुमत होता, "...आणि आता आभार. नलू आली का? नलू?"

"आली!" मी फाटकातूनच ओरडले.

गफणी खांद्यावर, पाइपचा जॉइंट काखेत, हातात कोंबडी, अशी मी मंचावर चढले. समोर पहिल्या रांगेत ढोबळे बाई. पांढरे केस, पण डोळे तेच, शुद्धलेखन तपासणारे. मी सामान खाली ठेवलं, कागद उघडला आणि चौतीस वर्षं घशात अडकलेला आवाज बाहेर काढला.

"आदरणीय बाई आणि मित्रमैत्रिणींनो... मोटारीचा कंडेन्सर, गफणी..."

माझं भाषण यवतमाळला काउंटरवर राहिलं होतं.

पुरुषांच्या बाजूने हसण्याचा फवारा उडाला. मला वाटलं, पुन्हा पऱ्हाटीतच पळावं. पण बायांच्या बाजूला कोणी हसत नव्हतं. मी नीट पाहिलं. भिंतीशी पिशव्यांची रांग होती. माझ्या वर्गातल्या जेबाच्या पायाशी मिक्सरची दोन भांडी, दुरुस्तीला आणलेली. मानीजवळ युरियाची रिकामी पोती आणि नवऱ्याची छत्री. एकीच्या मांडीवर दिराच्या मोबाइलचा चार्जर. पुरुष सगळे मोकळ्या हाताने आले होते.

मी कागद दुमडला.

"बाई," मी म्हटलं, "भाषण हरवलं. आहे ते बोलते. ज्या आज इथवर पोचल्या, त्यांचे आधी आभार, कारण आम्ही कोणीच सरळ आलो नाही, सगळ्यांची कामं करत आलो. सरकारने तिकीट अर्धं केलं, चांगलं केलं. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण काम अर्धं करायचा जीआर अजून कोणी काढला नाही! सन्मान गाडीत बसेपर्यंतच मिळतो. उतरलं की हमाल! बाई, तुम्ही मला बोलायला शिकवलं आणि मी घरी कधी बोलले नाही. आज बोलते. आभारी आहे."

टाळ्या पडल्या. खऱ्या टाळ्या. जेबाने तर मिक्सरचं भांडं वाजवलं. बाई उठून मंचावर आल्या, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तू आली असतीस, तर मीच लिहिलेलं बोलली असतीस. हे बरं झालं." मग खाली पाहून म्हणाल्या, "पण नलू, ही कोंबडी माझ्या सत्काराच्या शालीवर का बसली आहे?"

(शाल दिली, तशी कोंबडीही दिली.)

त्या संध्याकाळी मी घरी शिरले ती वेगळीच बाई होऊन. यांनी कंडेन्सर हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हा नाही चालत. नंबर दुसरा हाये. उद्या बदलून आण, अर्धंच..."

"तुम्ही जा," मी म्हटलं.

माहेरपणाला आलेल्या नंदाबाई रस्सा पिता पिता थांबल्या. (दुसरी कोंबडी.) हे माझ्याकडे पाहत राहिले, आणि काय झालं कुणास ठाऊक, हळूच म्हणाले, "बरं. मी जातो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच निघाले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. मी जिंकले होते. दारात थांबून त्यांनी हात पुढे केला, "तिकिटाचे दे. जाण्यायेण्याचं फुल."

मी स्वयंपाकघरात गेले, डाळीचा डबा काढला, झाकणावर हात ठेवला. फुल! तेवढ्यात मी दोनदा जाऊन येते. माझा हात झाकणावरच राहिला. मग माझंच तोंड म्हणालं, "राहू द्या. मीच जाते."

"मी बी येतो," आतून सासूबाई म्हणाल्या.

गाडीत कालचाच कंडक्टर होता. न विचारता त्याने एक हाफ, एक फुकट फाडलं आणि म्हणाला, "आज तुमच्यासंगची तिसरी बाई नाही आली?"

मी तिकीट पर्समध्ये टाकलं. यवतमाळला दुकानात शिरले तर दुकानदाराने गल्ल्याखालून माझं भाषण काढलं, नीट घडी घातलेलं.

"ताई, वाचलं मी. दोनदा वाचलं. शेवट तर लई भारी हाये," तो म्हणाला. "पण इलेक्ट्रिकचा माल वापस होत नाही."