चारशे जणांचा हात

कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज चारशे माणसांना जेवू घालणाऱ्या आचाऱ्याला स्वतःच्या घरात मात्र कुणी विचारत नव्हतं. कुणी म्हणजे त्याची लेक, मिरी. तो कामावर निघायचा तेव्हा ती झोपलेली, परतायचा तेव्हाही झोपलेली. चुकून जागी सापडलीच, तर नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे पाहावं तशी पाहायची आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. याचं त्याला फार वाईट वाटे. मिरीला वरचं खाणं सुरू करायचं ठरलं, तेव्हा त्याने भांडून चार दिवसांची रजा मिळवली. तिने पहिला घास आपल्या हातून घ्यावा, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "चारशे जणांचं रांधतो मी. एका पोरीचं जड आहे का?" असं तो म्हणाला, आणि तिथेच माशी शिंकली. चारशे जणांना सरावलेल्या हाताला एका पोरीचा अंदाज येईना. त्याने घरातली सगळी गाजरं उकडली. घोटली तर घट्ट झाली, म्हणून पाणी घातलं. पातळ झाली, म्हणून बटाटे कुस्करले. पुन्हा घट्ट, पुन्हा पाणी. कँटीनमधला लांब दांड्याचा डाव त्याने मुद्दाम घरी आणला होता. हातात तो नसला की त्याला चवच कळत नसे. त्या डावाने ढवळता ढवळता घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काठोकाठ भरलं.

मग गुलाबी रंगाचा एवढासा चमचा घेऊन तो मिरीसमोर बसला. त्याच्या पंजात चमचा दात कोरायच्या काडीसारखा दिसत होता. मिरीने ओठ घट्ट मिटले. त्याने स्वतः आ करून दाखवला, गाणं म्हटलं, मांजर झाला, कावळा झाला. मिरीने तो सगळा खेळ शांतपणे पाहिला आणि तोंड फिरवलं.

"मी भरवू का?" बायकोने हळूच विचारलं.

"नको," तो म्हणाला.

आता पातेलं वाया कसं घालवायचं? खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या सासऱ्यांना दात नव्हते, त्यांना एक वाडगा धाडला. म्हातारबुवा खूश झाले. त्यांनी ही बातमी दाढ काढलेल्या शेजाऱ्याला सांगितली, शेजाऱ्याने वजन उतरवणाऱ्या मेहुणीला. दुसऱ्या दिवशी दारात वाडगे घेतलेली माणसं उभी. नाही म्हणायची आचाऱ्याला सवयच नव्हती. मागतील त्यांना तो रांधत गेला. तिसऱ्या दिवशी तर म्हातारबुवांनी संध्याकाळी काय आहे, म्हणून चौकशी केली. सगळ्या इमारतीच्या तोंडी गाजर लागलं. जिच्यासाठी शिजलं, तिचं तोंड सोडून. आणि भांडी घासून हा मोकळा होईतो मिरी झोपलेली असायची.

"रजा घेतलीत कशाला?" बायको म्हणाली. "कँटीन घरी आणलंत नुसतं."

ते त्याच्या जिव्हारी लागलं. चौथ्या दिवशी त्याने दाराला आतून कडी घातली. गुलाबी चमचा सकाळपासून तीनदा भिरकावला गेला होता, तेव्हा तोही नाद सोडला. दिवसभर पोटात काही नव्हतं. तो पातेल्याशेजारी जमिनीवर फतकल मारून बसला आणि तळाला उरलेलं डावाने खरवडून खाऊ लागला. कुणाकडे बघत नव्हता.

तेवढ्यात डाव जड झाला. मिरी रांगत आली होती. तिने दोन्ही मुठींनी दांडा पकडला आणि डावात तोंड घातलं. बापाने हात हलवला नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. कानापर्यंत गाजर माखून मिरीने वर पाहिलं आणि त्याच्याकडे बघून हसली, आपल्या माणसाकडे बघून हसावं तशी. बायकोला हाक मारायची होती, पण त्याने आधी डाव पुन्हा भरला.

सकाळी कामावर पोचताच त्याने आणखी दोन दिवस रजा मागितली. मिळाली नाही. दुपारी जेवणाची रांग दारापर्यंत गेली, तरी पुढे सरकेना. मॅनेजर तणतणत आत आले, तर आचारी चहाच्या कपाने वाढत होता.

"डाव कुठे गेला?"

तो सकाळी घरून निघाला तेव्हा मिरी डावाचा दांडा मुठीत धरून झोपली होती. सोडवायला त्याचं मन धजलं नव्हतं.

"रजेवर आहे, साहेब," तो म्हणाला. "मला मिळाली नाही, म्हणून त्याला दिली."